रेंजला चार स्टार, एंट्रीला दोन (या वर्षी तीन)

आधीच सांगतो, रेंजचं नाव लिहिणार नाही. उद्या परत तिथेच प्रॅक्टिसला जायचंय मला, आणि गोवा केवढा ते तुम्हाला ठाऊक आहे, सकाळी म्हापशात शिंकलं तर दुपारी मडगावात विचारतात बरं आहे का म्हणून. उत्तर गोव्यातली एक खासगी शूटिंग रेंज, तिथे वर्षातून एकदा दोन दिवसांची ओपन मॅच होते, १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, तिचा हा रिव्ह्यू. खरं तर मॅचचा पण नाही, मॅचमध्ये घुसायला मिळतं की नाही त्याचा. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा मिळून लिहितोय कारण गेल्या वर्षी मी खेळलोच नाही, बघून परत आलो, आणि रागात असताना काही लिहू नको असं बायकोने बजावलं होतं.

रेंज चांगली आहे, ते पटकन उरकतो. ८ लेन, एसी, कार्डवर (कागदाचं टार्गेट) लाईट नीट पडते, कार्ड पुढेमागे नेणाऱ्या मोटारी बहुतेक चालतात (३ नंबरची अधेमधे अडते, हाताने ओढायची). भाड्याची दोन पिस्तुलं आणि दोन रायफली. पेलेट (छर्रे) तिथेच मिळतात, भाव बाहेरच्यापेक्षा जरा चढा पण डबा विसरलेल्या माणसाने भाव करू नये. भाजी-पाव आणि चहा समोरच्या गाड्यावर. बाथरूम स्वच्छ. झालं.

आता मुद्द्याचं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना वाटतं जागा कमी म्हणजे आयोजकांची नाटकं, तसं नाहीये, गणित खरंच आवळलेलं असतं. मॅच ६० शॉटची. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटं मिळतात, आमच्याकडे कागदाची कार्डं, त्यामुळे ९० मिनिटं. त्याच्या आधी १५ मिनिटं तयारी आणि सायटर, म्हणजे स्कोअरमध्ये न धरले जाणारे सरावाचे शॉट. म्हणजे पावणेदोन तास, वर एक बॅच उठून दुसरी बसेपर्यंत पंधरा मिनिटं जातातच, कोणाची केस सापडत नाही, कोणाचा चष्मा राहिलेला असतो. दोन तासांची एक डिटेल (आमच्यात बॅचला डिटेल म्हणतात) धरा. सकाळी ९ ला सुरू केलं तर ९, ११, १, ३, ५ अशा पाच डिटेल, आठ लेन, म्हणजे दिवसाला ४० माणसं आणि शनिवार-रविवार मिळून ८०. यात रायफलवाले आले, पिस्तूलवाले आले, शाळेची पोरं आली आणि माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले पण आले. पंधरा लोक जास्त घ्यायचे तर भिंत पाडून लेन वाढवायला हवी, घड्याळ काही लांबत नाही.

आणि माणसं वाढलीत हे मी डोळ्यांनी बघतोय. २०२३ ला नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या तेव्हा थोडी हालचाल झाली होती, पण खरी झुंबड उडाली ती २०२४ च्या पॅरिसनंतर. मनू भाकरने १० मीटर पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं, मग सरबज्योत सिंगबरोबर मिक्स्ड टीममध्ये आणखी एक, आणि वर आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. त्या ऑगस्टमध्ये आमच्या रेंजवर पालकांच्या गाड्या लावायला जागा नव्हती. पॉइंट १७७ इंच बोअरच्या मॅच एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, त्यामुळे सुरुवात करणं सोपं, आणि पिस्तुलाच्या कार्डावरचा १० गुणांचा गोल म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा, पोराने पहिल्याच दिवशी एक जरी आत मारला तरी बापाला वाटतं झालं, ऑलिंपिक. (रायफलचा १० अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, पेलेट स्वतःच साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपका दिसायचा पण बंद होतो. रायफलवाल्यांना मी लांबून नमस्कार करतो.)

तर गेल्या वर्षी काय झालं.

मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. ज्यांनी अशा ठिकाणी काम केलंय त्यांना माहीत असेल, फोन गेटजवळच्या लॉकरमध्ये, मग गाऊनिंग, मग आत. आत गेलं की बाहेर मोदी आहे की मनमोहन काही कळत नाही. एंट्रीचा फॉर्म कधी उघडणार ते आधी सांगितलं नव्हतं, "या आठवड्यात" एवढंच. बुधवारी सकाळी ११ ला ग्रुपवर लिंक आली. मी १ वाजता जेवायला बाहेर आलो, हात पुसून फोन उघडला, ग्रुपवर १४३ मेसेज. वर वर जात लिंकपर्यंत पोचलो तर तिच्याखाली ११ वाजून १९ मिनिटांनी मेसेज, एंट्री क्लोज्ड, सगळ्यांचे आभार. एकोणीस मिनिटं! माझ्या हातात डब्यातली पोळी होती, ती तशीच राहिली.

जो आधी येईल त्याला, ही पद्धत ऐकायला फार सरळ वाटते. रांगेत उभं राहा, नंबर आला की घ्या, फेरीबोटीला करतो तसं. पण फेरीबोटीच्या रांगेत निदान सगळ्यांना दिसतं की रांग आहे. इथे रांग कधी लागणार तेच कोणाला माहीत नाही, आणि बुधवारी सकाळी ११ ला फोन हातात असलेले लोक कोण? ऑफिसात टेबलावर बसणारे, स्वतःचं दुकान असणारे, किंवा ज्यांची आई घरी बसून ग्रुपवर लक्ष ठेवते ती पोरं. शाळेतली मुलं गेली, शिफ्टवाले गेले, बस चालवणारे गेले, सत्तरी तालुक्यात डोंगराआड ज्यांना रेंज मिळते ती फक्त माडीवर चढल्यावर (मोबाईलची रेंज म्हणतोय) ते तर गेलेच. आमच्या क्लबातली एक शिक्षिका वर्गात होती, तिने ११.२५ ला बघितलं. नेमबाजीच्या मॅचला बोटांची मॅच आधी लावली की ज्याची बोटं वेगात तो आत, आणि गंमत म्हणजे आमच्या खेळात घाईत ट्रिगर ओढणाऱ्याला आम्ही नवशिका म्हणतो.

पुढचं जास्त लागलं मनाला. मी विचारलं वेटिंग लिस्ट आहे का. तर म्हणे तसं काही नाही हो, कोण नाही आला तर बघू. म्हणून रविवारी गेलो, पिस्तूल बॅगेत घालूनच गेलो, आशा वाईट असते. मागच्या खुर्च्यांवर बसलो. ११ ची डिटेल सुरू झाली आणि ५ आणि ६ नंबरच्या लेनवर कोणी नाही. कार्ड लावलेलं, लाईट चालू, टेबलावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली, आणि मागे उभं राहायला माणूस नाही. सायटरची पंधरा मिनिटं संपली, स्टार्ट झालं, बाकी सहा जण फट फट सुरू झाले आणि ती दोन कार्डं तशीच पांढरी लटकत होती एसीच्या वाऱ्यावर हलत. मी उठून आरओकडे (रेंज ऑफिसर) गेलो. तो भला माणूस आहे, म्हणाला, सर, लिस्टमध्ये नाव नाही, इक्विपमेंट चेक नाही, मी तुम्हाला फायरिंग लाईनवर घेऊ शकत नाही. बरोबरच आहे त्याचं, सेफ्टीच्या जागी "जाऊ दे रे" चालत नाही, मी पण त्याच्या जागी तेच केलं असतं. संध्याकाळपर्यंत बसलो आणि मोजत राहिलो. एका रविवारी सात लेन रिकाम्या गेल्या. सात जण आले असते. आयोजकांपैकी एकाला निघताना म्हटलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, फुडल्या वर्सा पळोवया, म्हणजे पुढच्या वर्षी बघू.

का आले नाहीत ते सात? कारण न येण्याचं त्यांना काही जात नव्हतं. फी ८०० रुपये, परत मिळणार नाही असा नियम. ऐकायला कडक वाटतो ना, पण उलटा पडतो. पैसे गेलेच आहेत तर कळवायचं कशाला? ज्याला गुरुवारीच माहीत होतं की रविवारी बारसं आहे त्याने पण फोन केला नाही. आणि काही जणांनी तर शनिवार-रविवार दोन्ही दिवस दोन नावांवर धरून ठेवले होते, जमेल तो ठेवू म्हणून.

मग आम्ही तिघांनी मिळून एक पत्र लिहिलं. कागदावर, सही करून, हातात दिलं, कारण ग्रुपवर लिहिलं की भांडण होतं आणि कागदावर लिहिलं की फाईल होते. मागणी साधी होती. फॉर्मची तारीख आधी सांगा, दोन-चार दिवस उघडा ठेवा, जास्त नावं आली तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा, वेटिंगला नंबर द्या, आणि वेळेत कळवणाऱ्याला पैसे परत करा.

या वर्षी त्यातलं बरंच त्यांनी केलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं नव्हतं. फॉर्म गुरुवारी रात्री ८ ला उघडला आणि रविवारी रात्रीपर्यंत चालू. कधी भरलात त्याने फरक पडत नाही. सोमवारी संध्याकाळी ७ ला रेंजवरच ड्रॉ, ज्याला यायचंय त्याने या. मी सेकंड शिफ्ट बदलून गेलो. लाडवांचा असतो तसला मोठा स्टीलचा डबा, त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, ९७ नावं आणि जागा ५६. एका शूटरची सात-आठ वर्षांची मुलगी काढायला बसवली. भिशीला असतं ना तसंच वातावरण, सगळे हसतायत पण पोटात गोळा. मध्येच एक चिठ्ठी टेबलाखाली पडली, कोणीतरी उचलून उघडायला गेला तर आरओ ओरडला, "परत टाक, परत हलव!" डब्यात टाकली, झाकण लावून खडखड हलवला, मग पुढे. त्या एका खडखडाटाने गेल्या वर्षीचा अर्धा राग गेला माझा. देवळात कौल लावतात तेव्हा पाकळी डावी पडली की उजवी हे सगळ्या गावाला दिसतं, म्हणून तर घरी जाऊन कोणी कुरकुरत नाही. निदान कमी कुरकुरतात.

माझी चिठ्ठी ५६ मध्ये आली नाही. वेटिंगला ११.

ड्रॉवर खूश नसलेले पण आहेत. आमच्यातला एक सीनियर, रोज घरी दोन तास ड्राय फायर (पेलेट न घालता सराव) करणारा माणूस, तो बाहेर राहिला आणि चार महिन्यांपूर्वी पिस्तूल हातात घेतलेला मुलगा आत गेला. तो म्हणाला, ही काय लॉटरी आहे का, स्कोअर बघून घ्या ना. त्याचं दुःख मला कळतं. पण स्कोअर बघायची शिडी वेगळी आहे आणि ती असायलाच हवी. स्टेट, मग मावळंकर, मग नॅशनल्स, तिथे वर जायला ठरलेला स्कोअर लागतो आणि तिथे कोणाला दया दाखवू नये. (मावळंकर म्हणजे आपले ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ला निघाली तिचे पण पहिले अध्यक्ष तेच. दर वर्षी पोरं "मावळंकर खेळून आलो" म्हणतात, कोण मावळंकर ते विचारलं तर पिस्तुलाचा ब्रँड सांगतील.) पण गावातली ओपन मॅच हीच तर पहिला स्कोअर लावायची जागा, तिथे आत यायला स्कोअर मागितला तर तो आणायचा कुठून? एवढं मात्र मी त्याच्या बाजूने म्हणेन की जो गेल्या वर्षी बाहेर राहिला त्याच्या नावाच्या या वर्षी दोन चिठ्ठ्या टाका. हे मी सुचवलं, तर म्हणे पुढच्या वर्षी. पळोवया.

आता स्टार का कापले ते. ८० पैकी २४ जागा यजमान क्लबच्या मेंबरांना आधीच. असू देत, रेंज त्यांची, वर्षभराचं वीजबिल ते भरतात, कार्डं मोजायला, टेबलं लावायला तेच राबतात, त्यांना घरच्याच मॅचमध्ये जागा नको म्हणणं हा अन्याय आहे. पण मग फॉर्मवर छापा ना, २४ आमच्या, ५६ तुमच्या. हे २४ आम्हाला ड्रॉच्या दिवशी कोणीतरी डोक्यात बेरीज करून विचारलं तेव्हा कळलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आकडा सांगितला असता तर कोणी चकार शब्द काढला नसता, लपवला म्हणून आता प्रत्येकाला वाटतं त्या २४ मध्ये वशिल्याची तट्टं किती.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे पण नवीन लोकांना तीच जास्त लागते. ज्याच्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही त्याला दोन जागा लागतात, एक लेनची आणि एक भाड्याच्या पिस्तुलाची. चांगलं मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं, पहिल्या वर्षी कोण घेतो? भाड्याची पिस्तुलं दोन, म्हणजे एका डिटेलमध्ये भाड्याने खेळणारे दोनच. चिठ्ठी काढताना हे कोणी बघितलं नाही आणि शनिवारच्या ३ च्या डिटेलला भाड्यावाले चौघे आले. शिवाय काही जण दोघांत एक पिस्तूल वापरतात, बहीण-भाऊ, क्लबातले मित्र, ते दोघे एकाच डिटेलला आले तर एक पिस्तूल दोन लेनवर कसं उभं राहणार? रात्री बारापर्यंत फोनाफोनी करून अदलाबदल केली त्यांनी. डिटेल बदलायला परवानगी दिली, जागा दुसऱ्याच्या नावावर करायला नाही, हा नियम मला आवडला, नाहीतर लगेच बाजार भरला असता. पण फॉर्मवरच एक ओळ टाका, पिस्तूल स्वतःचं की भाड्याचं, कोणाबरोबर वाटून वापरता. काम संपलं.

पैसे परत देण्याचा नियम मात्र जादूसारखा चालला. मॅचच्या आदल्या गुरुवारपर्यंत कळवलं तर ८०० परत, नाही कळवलं आणि आला नाहीत तर पुढच्या वर्षी ड्रॉमध्ये नाव नाही. गुरुवारपर्यंत आठ जणांनी स्वतःहून कळवलं. वेटिंगचे पहिले आठ आत गेले, लिस्ट दारावर लावलेली होती, पेनाने नावं खोडत होते, त्यामुळे मी कारखान्यातून येताना थांबून बघायचो, दहावी-बारावीचा निकाल बघतात तसं. शनिवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी फोन. एकाला ताप आला होता, ९ नंबर फोन उचलत नव्हता, १० नंबर बेळगावला लग्नाला. "११ ची डिटेल आहे, जमेल?" मी अजून दात घासत होतो. जमेल म्हटलं की फेस उडाला.

गेलो. इक्विपमेंट चेकला पिस्तूल पेटीत बसवून बघितलं (४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची पेटी असते, त्यात मावलं पाहिजे), मग ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचललं. पहिल्यांदा ट्रिगर सुटला. स्क्रू अर्धा फिरवला, परत, मग धरला. हात तेव्हापासून जे थरथरायला लागले ते पहिल्या वीस शॉटपर्यंत. ६०० पैकी ५१९. सांगण्यासारखा नाही पण माझा आहे, कागदावर आहे, आणि गेल्या वर्षी त्याच लेनवर कोरं कार्ड लटकत होतं.

रविवारी मी कार्डं मोजायला मदत म्हणून गेलो. वेटिंगचा १२ नंबर तिथे बसलेला होता, वाळपईकडची एक अकरावीतली मुलगी आणि तिचे वडील, सकाळी साडेआठपासून. या वर्षी नियम असा की तयारीची वेळ सुरू व्हायच्या १० मिनिटं आधीपर्यंत लेनवाला आला नाही तर जागेवर हजर असलेल्या वेटिंगवाल्याला लेन. चार डिटेल गेल्या, सगळे आले. ती प्रत्येक वेळी उठायची, बुटाची लेस घट्ट करायची आणि परत बसायची. वडिलांनी दोनदा भाजी-पाव आणला, तिने पाव खाल्ला आणि भाजी ठेवली. ५ च्या डिटेलला ७ नंबरची लेन रिकामी राहिली. भाड्याचं एक पिस्तूल पण मोकळं होतं. आरओने घड्याळ बघितलं, दहा मिनिटं आधीची ती वेळ होऊ दिली, मग तिचं नाव पुकारलं.

वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, हे साडेसहापर्यंत संपेल का? पुढे वाळपईची बस मिळायला पाहिजे." म्हटलं नाही संपणार, पावणेसात होतील, आणि तिला घाई करायला सांगू नका, मी डिचोलीला जातो, तुम्हाला पुढे वाळपईपर्यंत सोडतो, गाडी जुनी आहे पण पोचते. अस्नोडा यायच्या आधीच ती मागच्या सीटवर झोपली, स्कोअरची स्लिप हातात तशीच. वडिलांनी ती हळूच काढून खिशात ठेवली, आणि मग विचारलं की पुढच्या वर्षी फॉर्म कधी उघडतो. म्हटलं, याच पद्धतीने चाललं तर गुरुवारी रात्री ८ ला, आणि चार दिवस उघडा असतो, तुम्ही सावकाश माडीवर चढा.